वादळात घराचं थोडंच नुकसान झालं, विमाही आहे. तरी काउंटीला, म्हणजे स्थानिक जिल्हा प्रशासनाला, कळवायचं का?

हो, नक्की कळवा, आणि साफसफाईला हात लावण्याआधी फोटो काढून ठेवा. अमेरिकेत मोठ्या आपत्तीची घोषणा राष्ट्राध्यक्ष करतात, पण १९८८च्या स्टॅफर्ड कायद्यानुसार त्यासाठी आधी राज्याच्या गव्हर्नरने विनंती करावी लागते. तिला आधार असतो तो खालून गोळा झालेल्या नुकसानीच्या नोंदींचा. तुमचं घर त्यात आलंच नाही, तर विमा नसलेल्या तुमच्या शेजाऱ्यांची बाजूही तेवढी कमकुवत होते. पाणी आत शिरलं असेल तर भिंतीवरच्या ओल्या रेषेला मोजपट्टी लावून फोटो घ्या. नुकसान किरकोळ की मोठं हे ठरवताना ती उंची पाहतात. विमा आहे हेही स्पष्ट लिहा. मात्र ही नोंद म्हणजे मदतीचा अर्ज नव्हे. घोषणा झाली तर फेमाकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेकडे, वेगळा अर्ज करावा लागेल, आणि विम्याचा क्लेम त्यासाठी अडवून ठेवू नका.