आजीचा डावा डोळा कुणासाठी थांबलाय?

पत्र यवतमाळ जिल्ह्यातून, दारव्ह्याकडच्या एका गावातून आलंय. वडील कापूस-सोयाबीन करतात. दोन एकर गहाण टाकून मुलीला लातूरला क्लास लावला, डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा दोनदा झाली, दुसऱ्यांदा ३९८ मार्क. वडिलांना तिसरी खेप हवी. मुलगी म्हणते, मला शुगरवाल्यांचा मोतीबिंदू अभ्यासायचाय, त्यात नॉन-कोडिंग आरएनए काय करतो ते शोधायचंय. वडील विचारतात, "कोडिंग नसलेलं शिकून नोकरी कोन देईन? तिले समजवा."

भाऊ, तुमच्या पत्रात ते दोन एकर चार वेळा आलेत आणि मुलीचं नाव एकदाही नाही. घरात ती काय ऐकत असेल, कळलं. कर्ज तिच्या भल्यासाठी काढलंत, मान्य. पण ते डॉक्टर होऊनच फेडायचं, हे तिला विचारून ठरलं होतं का? सावकारही कागदावर समोरच्याची सही घेतो.

त्याहून खटकली शेवटची ओळ. आजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सेवाग्रामला झालं, डाव्याचं मात्र "नात डॉक्टर झाली का तेच करन" म्हणून राहिलंय, हे तुम्ही कौतुकानं लिहिलंत. अहो, आज प्रवेश मिळाला तरी एमबीबीएसची साडेपाच वर्षं आणि वर नेत्ररोगाची तीन! तोवर आजींनी चाचपडायचं, आणि पोरीनं रोज त्या डोळ्यासमोर पुस्तक उघडायचं? मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो हा समज जुना झाला. उलट तो दाट झाला की मागचा पडदा डॉक्टरांना नीट दिसत नाही, आणि शुगर पडदाही खराब करते. कापूस वेचणी सुरू व्हायच्या आधी आजींना घेऊन जा. मुलीच्या करिअरसाठी माझा पहिला सल्ला हाच.

आता कोडिंग. याचा कॉम्प्युटरशी संबंध नाही. आपल्या डीएनएचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रथिनं कशी बनवायची ते सांगतो. बाकीच्यातून निघणारे कित्येक आरएनए (डीएनएवरून उतरवलेल्या प्रती) प्रथिन बनवत नाहीत, पण कोणतं प्रथिन किती बनू द्यायचं यात त्यांचा हात असतो. त्यातले मायक्रोआरएनए अगदी छोटे, साधारण २२ अक्षरांचे (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एक दुवा). त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. आता मोतीबिंदू. डोळ्याच्या भिंगात साखर शिरायला इन्सुलिन लागत नाही. रक्तातली साखर वाढली की भिंगात तिचं सॉर्बिटॉल नावाचं रसायन होतं, ते पाणी ओढतं, भिंग गढूळतं. एवढं जुन्या पुस्तकांतही आहे. नवं असं, की जादा साखरेत वाढवलेल्या भिंगाच्या पेशींत मॅलॅट-१ सारखे लांब आरएनए वाढलेले दिसतात; ते काही मायक्रोआरएनएंना अडकवून ठेवतात आणि पेशींची नासधूस वाढते. हे बरंचसं प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर दिसलंय. औषध यातून अजून निघालेलं नाही, इलाज ऑपरेशनच. आणि गंमत बघा, या आरएनएंचा माग काढायचा तर तिला कॉम्प्युटरचं कोडिंगही शिकावंच लागेल.

तिच्या वाटेसाठी आयसर आणि नायसर या केंद्राच्या विज्ञान संस्था आहेत. प्रवेश परीक्षा वेगळ्या: आयसरसाठी आयएटी, नायसरसाठी नेस्ट. बारावी कोणत्या वर्षी झाली याची अट असते. तिसऱ्या नीटला वर्ष देण्याआधी ती वाचा. नाही जमलं तर अमरावती-नागपुरात बीएस्सी आहेच.

पोरीलाही ऐकवतो. आजीचा डोळा बघून आलेली ओढ खरी असेल, पण एकच प्रयोग वीसदा फसल्यावर एकविसाव्यांदा मांडायची तयारी आहे का? पीएचडी हातात पडेपर्यंत दहाएक वर्षं जातात. मधे केंद्राची ज्युनिअर फेलोशिप मिळाली तर महिना ३७,०००, त्याआधी फारसं काही नाही. ते दोन एकर या वाटेनं लवकर सुटणार नाहीत. हा हिशेब बापलेकीनं एकदा समोरासमोर बसून करा, आवाज न चढवता.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. आजींच्या ऑपरेशनची तारीखही त्यातच कळवा.