सुनेच्या अंगात येतं तेव्हा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. जिल्हा रुग्णालयात समुपदेशक म्हणून रुजू झालीस, छान झालं. अंगात येतं म्हणून आणलेल्या त्या सुनेबद्दल विचारलंस, तर निदानाची घाई करू नकोस. ज्या घरात सुनेने सासऱ्यापुढे मान वर करायची नाही, तिथे देवी आली की तोच सासरा हात जोडून ‘आई, काय चुकलं?’ विचारतो. एरवी तिला कोण विचारतंय? नवरात्रात आरतीला चारचौघींबरोबर घुमली आणि सकाळी उठून भाकऱ्या थापायला बसली, तर त्याला आजार म्हणायचं कारण नाही. पण झोप उडालीय, जेवण तुटलंय, लेकरू रडतंय तरी हिचं लक्ष नाही, असं असेल तर डॉक्टरांकडे पाठव. हा फरक सासवांना बरोबर कळतो, त्यांनाच विचार.

देवऋषाकडे जाऊ नका म्हटल्याने लोक जायचे थांबत नाहीत, आपल्याला सांगायचे थांबतात. अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका, एवढं म्हण. मारहाण, साखळी, मिरचीची धुरी मात्र मुळीच खपवून घेऊ नकोस. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळीने बांधलेले रुग्ण पळू शकले नाहीत, २८ जण गेले. आपल्याकडे २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही साखळीला बंदी आहे. नातेवाइकांना हे स्पष्ट सांग.

आणि आपण दवाखान्यातली मंडळी समाजाबाहेरची आहोत, असं समजू नकोस. समलैंगिकता अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत १९७३ पर्यंत आजार होती, जागतिक आरोग्य संघटनेने तर ती १९९० मध्ये वगळली. तरी लग्नाची तारीख ठरवून ‘पोराला तेवढं सरळ करा’ म्हणणारे आईबाप तुझ्यासमोर बसतीलच. ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हे मी शिकल्यासवरल्या डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलंय.

सासरी कळू नये म्हणून पाकिटावरचं औषधाचं नाव नखाने खरवडून ‘थायरॉइडची गोळी’ म्हणून खपवणाऱ्या मुलीही येतील. त्यांना रागावू नकोस. गोळी घरात कुठे ठेवतेस, घेताना कोण बघतं, हे विचार. लपवून घ्यायची गोळी कधी ना कधी चुकतेच. दिवसातून एकदाच घ्यायचं औषध बसतंय का, ते डॉक्टरांशी बोलून बघ.

ती सून पुढच्या वेळी आली की सासूला बाहेरच्या बाकावर बसव आणि थोडा वेळ तिच्या एकटीशी बोल. मग मला कळव.

तुझी,
ताई