माथेरानच्या रस्त्यावर समोरून घोडा आला तर बाजूला कुणी व्हायचं?

तुम्ही लिहिलंय की आई-बाबा आणि सात वर्षांच्या मुलाला घेऊन माथेरानला चाललाय, एकाच रस्त्यावर घोडे, रिक्षा, चालणारे सगळेच असतात, तर मुलाला घोड्यावर बसवावं का आणि घोडा आला तर वाट कुणी द्यायची. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देतो : तुम्ही. पहिल्याकडे मागाहून येतो. आधी जरा बोलू द्या, कारण हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि विचारणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेलं असतं की घोडेवाले माजलेत.

आमच्या घरी दोन घोडे होते. परवाना वडिलांच्या नावावर. बारावी झाल्यावर मी चार हंगाम घोड्यामागे धावलो, म्हणजे शब्दशः धावलो, दस्तुरी (गाड्या जिथे थांबतात तो नाका) ते बाजार आणि बाजार ते पॉइंट, दिवसातून पाच-सहा फेऱ्या. आता कर्जतला दुकानात बसतो, पण टाप ऐकली की अजून मान वळते.

जूनचा पहिला आठवडा होता. नुकती एक सर येऊन गेलेली, तांबड्या मातीचा चिखल व्हायला लागला होता. ठाण्याच्या एक बाई आमच्या चंदूवर बसल्या होत्या. चंदू म्हणजे गरीब जनावर. माकडं त्याच्या पाठीवरून उड्या मारून गेली तरी कान हलवायचा नाही. इको पॉइंटच्या वाटेवर एका वळणाला झाडाखाली दगडावर एक गृहस्थ बसले होते, अगदी गप्प. आम्ही चार हातांवर आलो आणि त्यांनी बटण दाबलं. फट्. काळी छत्री एकदम उघडली, तीही चंदूच्या तोंडासमोर.

लोकांना वाटतं, घोडा बुजला म्हणजे उधळला. तसं नसतं. चंदू जागच्या जागी हातभर बाजूला सरकला, एका झटक्यात. बाई होत्या तिथेच राहिल्या, फक्त त्यांच्याखाली घोडा नव्हता. मनगट मोडलं. चंदू दहा पावलांवर जाऊन थरथरत उभा राहिला.

छत्रीवाल्यांचं पहिलं वाक्य मला तोंडपाठ आहे. "जनावर आवरता येत नाही तर रस्त्यावर आणता कशाला?" गर्दी जमली, सगळी त्यांच्या बाजूने. बाईंना विचारायला मात्र कुणी पुढे झालं नाही. वडील धावत आले, हात जोडले, प्लास्टरचे आणि ठाण्यापर्यंतच्या गाडीचे पैसे दिले. त्या हंगामाची अर्धी कमाई गेली. त्याचंही मला काही नाही, पडलेल्या बाईंना देणं लागतंच होतो. पण वडिलांनी मला त्या छत्रीवाल्याची माफी मागायला लावली, ते अजून घशाखाली उतरलेलं नाही.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीमागचं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही. तो पळून जीव वाचवणारा प्राणी आहे, आधी दचकतो आणि विचार नंतर करतो. दगडावर गप्प बसलेला माणूस एकदम दुप्पट मोठा आणि काळा झाला, तर तो माणूसच आहे हे त्याला कुणी सांगायचं? म्हणून घोडा दिसला की बोला. काहीही बोला, घोडेवाल्याला रामराम घाला, मुलाशी गप्पा मारा. आवाज माणसाचा आहे हे कळलं की घोड्याचं निम्मं काम होतं. सगळ्यांनी एकाच बाजूला उभं राहा, निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे नको. जाणकार म्हणतात, उताराच्या अंगाला उभं राहा, कारण बुजलेला घोडा चढाकडे पळतो. पण माथेरानात उताराच्या अंगाला बऱ्याचदा दरीच असते. मूल बरोबर असताना हा शहाणपणा करू नका, डोंगराच्या अंगाला थांबा. आणि घोडा पुढे गेला म्हणून लगेच मागून फोटो काढायला धावू नका, मागचे पाय तिकडेच असतात.

ही काही माझ्या घरची पद्धत नाही. अमेरिकेत अशा सामायिक डोंगरवाटांवर पिवळी त्रिकोणी पाटी असते : सायकलवाल्याने सगळ्यांना वाट द्यायची, चालणाऱ्याने घोड्याला. माझा भाचा तिकडे असतो, त्याने पाटीचा फोटो पाठवला होता. मी तो तसाच माझ्या चुलतभावाला पाठवला. दादाने अजून उत्तर दिलेलं नाही.

दादाचं म्हणणं वेगळं आहे, आणि घोडं तिथेच पेंड खातं. तो म्हणतो, रस्ता आधी चालणाऱ्याचा, घोडा धंद्यासाठी येतो, मग जबाबदारीही धंदेवाल्याची. माथेरानच्या मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवायचे की नाही, या वादातही तो ब्लॉकच्याच बाजूला. चिखल जातो, धूळ जाते, म्हाताऱ्यांना चालता येतं, ई-रिक्षा चालते. खरं आहे. पण ओल्या ब्लॉकवर लोखंडी नाल कशी सरकते ते त्याने बघितलेलं नाही. मातीत खूर रुततो, ब्लॉकवर घसरतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच ब्लॉक ठेवले, आतल्या वाटांना नको म्हटलं. त्याच निकालात हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, ते फार आधी व्हायला हवं होतं. माणसाने चढावर माणूस ओढायचा, हे बघून मला लहानपणीही कसंतरी व्हायचं. तुमच्या आई-बाबांना ई-रिक्षाने किंवा अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनच्या शटलने न्या, उगाच तीन किलोमीटर चालवू नका. फक्त ई-रिक्षाचा आवाज येत नाही, घोड्याला मागून ती कळतच नाही, तेवढं भान चालवणाऱ्याने ठेवावं.

आता मुलाचं. बसवा. पण भर पावसात नको, आणि दुपारी तीन-चारच्या गर्दीत बाजारातून नको. डोक्याला हेल्मेट मागा. बसल्यावर शंभर पावलांनी तंग, म्हणजे खोगीराचा पोटाखालचा पट्टा, पुन्हा आवळायला सांगा, कारण तंग आवळताना काही घोडे पोट फुगवतात आणि नंतर खोगीर ढिलं पडतं. घोडेवाला "काही होत नाही" म्हणाला तर दुसरा घोडा बघा. रिकिबीत पायाचा फक्त चवडा ठेवायचा, टाचेपर्यंत पाय घालायचा नाही. पडलाच तर पाय सुटला पाहिजे. रिकिबी मुलाच्या पायाला पुरत नसतील तर बसवूच नका, पाय लोंबकळत ठेवून फिरवणारे बरेच आहेत. दौड नको, मूल कितीही मागे लागलं तरी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लगाम धरून चालणारा माणूस. इथे एक सांगायचं राहिलं, खरं तर वर सांगायला हवं होतं. त्या दिवशी इको पॉइंटच्या वळणावर चंदूचा लगाम माझ्या हातात नव्हता. दुसरा घोडा घेऊन येणाऱ्या मित्राशी बोलत मी आठ-दहा पावलं मागे होतो. धरलेला असता तरी चंदू बुजलाच असता, छत्री छत्रीच होती. पण बाई कदाचित पडल्या नसत्या. दादा हेच म्हणतो, आणि वडील त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, पण त्यांनी लगाम जमिनीवर लोळताना बघितला होता.

तेव्हा लगाम धरणाऱ्याने वाटेत हात सोडला तर मुलाला तिथेच उतरवून घ्या. माझ्यासारखा वीस वर्षांचा पोरगा असेल, तर पुढच्या वाटेचे पैसेही देऊ नका.