एम्युलेटर सुरू होतो, पण पडदा कोराच

प्रश्न : मी नुकताच मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकाच्या, कामावर रुजू झालो आहे. एम्युलेटर सुरू केल्यावर पडदा बहुधा कोराच राहतो आणि जोडणी झालीच, तर टंकन करताना कीबोर्ड मध्येच अडतो. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपला एम्युलेटर ही आयबीएमने १९७१ साली जाहीर केलेल्या ३२७० टर्मिनलची, म्हणजे मेनफ्रेमला जोडलेल्या पडदा-कीबोर्डच्या संचाची, सॉफ्टवेअरमधील नक्कल आहे. नव्या सत्रात यजमान संगणकाचा, म्हणजे मेनफ्रेमचा, पत्ता व पोर्ट क्रमांक भरावा लागतो. साध्या टीएन३२७० (नेटवर्कवरून ३२७० चालवण्याची पद्धत) जोडणीसाठी पोर्ट सहसा २३, तर सुरक्षित जोडणीसाठी बहुधा ९९२ असतो. सुरक्षित पोर्ट देऊनही टीएलएसचा (जोडणी सांकेतिक करून सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीचा) पर्याय बंद राहिला, तर पडदा कोरा राहतो. म्हणून प्रथम तेच तपासावे. पडद्याचा आकार २४ ओळी आणि ८० स्तंभ, म्हणजे मॉडेल २, ठेवणे सर्वांत निर्धोक. चौकटी कंस चुकीचे दिसत असल्यास कोड पेज (अक्षरे व त्यांचे संकेतांक यांचा तक्ता) ०३७ ऐवजी १०४७ निवडून पाहावे.

कीबोर्ड अडण्यात मात्र बिघाड काहीच नाही. हे टर्मिनल प्रत्येक अक्षर मेनफ्रेमकडे पाठवत नाही. एंटर दाबल्यावर भरलेला मजकूर एकदमच जातो आणि उत्तर येईपर्यंत कीबोर्ड बंद राहतो, ज्याची खूण तळाच्या ओळीत एक्स या अक्षराने दिसते. संरक्षित जागी, म्हणजे पडद्यावर जेथे लिहिण्याची मुभा नसते तेथे, टंकन केले तरीही तो अडतो. तेव्हा रीसेट दाबावे. ही कळ आपल्या कीबोर्डवर कोठे नेमली आहे, हे एम्युलेटरच्या कीबोर्ड मांडणीत पाहून घ्यावे, कारण अनेक ठिकाणी ती डाव्या कंट्रोलवर असते.