ब्रेक लाइन फुटली, सबफ्रेम गंजली: मिठाने खाल्लेली गाडी दुरुस्त करावी की सोडावी?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अमेरिकेत मिशिगनमधल्या डेट्रॉइटजवळ राहता, जिथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. २०१२ ची सेकंडहँड सेदान घेतलीत, वरून अगदी चकाचक. फेब्रुवारीत ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं आणि लाल दिवा लागला. गॅरेजवाला म्हणतो, मागची ब्रेक लाइन (चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारी नळी) गंजून फुटली आहे, बाकीच्याही त्याच वाटेवर आहेत, मागच्या सबफ्रेमलाही (चाकांचे आर्म ज्याला लागतात त्या बॉडीखालच्या लोखंडी चौकटीलाही) गंज आहे आणि खर्च गाडीच्या निम्म्या किमतीच्या वर जाईल. दुसरा म्हणतो, खालून काळं रबरी कोटिंग मारून घ्या, स्वस्तात भागेल. काय करावं?

सगळ्यात आधी, गाडी जागेवरच ठेवा. दुसऱ्या गॅरेजला न्यायची असेल तर टो करून न्या. ब्रेकचे दोन स्वतंत्र सर्किट असतात, म्हणून एक लाइन फुटली तरी अर्धे ब्रेक उरतात आणि माणसाला वाटतं, हळू चालवली तर चालेल. पण उरलेल्या अर्ध्यातल्या नळ्याही त्याच वयाच्या आहेत आणि त्यांनीही तेच मीठ खाल्लंय. जोरात ब्रेक दाबला की आतला दाब हजार पीएसआयच्या वर जातो आणि कमजोर नळी नेमकी तेव्हाच फुटते. ब्रेक ऑइल वरून भरत राहणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

आणि ते काळं कोटिंग अजिबात मारू नका. गंजावर रबरी थर बसवला की मीठ आणि ओल आत कोंडते, वरून सगळं गुळगुळीत दिसतं आणि आतून पत्रा सडत राहतो. विकायला काढलेल्या जुन्या गाडीचा तळ ताजा काळाभोर दिसला, तर मी पहिला संशय तिथेच घेतो.

आपल्याकडची गाडी बघायची सवय इथे का फसते, तेही सांगतो. रत्नागिरीला किंवा मुंबईत समुद्रासमोर गाडी उभी असली तर खारी हवा वरून बसते, त्यामुळे गंज दाराच्या कडांना, छताच्या पन्हाळीला, म्हणजे डोळ्यांसमोर दिसतो. इथे मीठ खालून येतं. चाकांनी उडवलेला बर्फाचा खारट चिखल तळाच्या प्रत्येक खोबणीत जाऊन बसतो. त्यामुळे रंग, डेंट, सीट, एसी बघून पसंत केलेली गाडी खालून खलास असू शकते. इथे मिठाची टंचाईही नाही. डेट्रॉइट शहराच्या खालीच हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे आणि कॅनडाच्या ऑन्टारियोतल्या गोडरिचला ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली त्याहून मोठी.

साधं मीठ साधारण उणे ९ अंश सेल्सियसपर्यंत नीट काम करतं. त्याखाली कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडची मदत घेतात, आणि गाडीच्या दृष्टीने तेच जास्त वाईट. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढायला लागतं. कॅल्शियम क्लोराइडला तीस-एक टक्के पुरतात. म्हणजे रस्ता कोरडा दिसला तरी गाडीचा तळ ओलाच. त्यात क्लोराइड दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलं की आत आम्ल तयार होतं, ते लोखंड खातं आणि क्लोराइड पुन्हा मोकळं होऊन पुढच्या फेरीला लागतं. म्हणून गंज सपाट पत्र्यापेक्षा सांध्यात, घडीत, क्लिपखाली आधी लागतो. कडाक्याच्या थंडीत बाहेर गोठलेल्या गाडीत ही प्रक्रिया जवळजवळ थांबलेली असते. उबदार गॅरेजमध्ये, चाकांखाली वितळलेल्या खारट पाण्याचं डबकं घेऊन उभी असलेली गाडी मात्र रात्रभर गंजते. गाडीवर माया करणारे लोक नेमकं हेच करतात.

आता तपासणी. गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि स्वतः खाली उभ्या राहा. घरी करायचं असेल तर जॅकवर विसंबून खाली शिरू नका, स्टँड लावा. आणि स्टँड लावायच्या जागा घट्ट आहेत का, ते आधी बघा. सडलेल्या गाडीत जॅक लावायची कड मऊ झालेली असते आणि जॅक सरळ आत घुसतो. तेही एक निदानच.

ब्रेक लाइन बाहेरून ४.७५ मिलिमीटरची, भिंत जेमतेम पाऊण मिलिमीटरची. नुसती तांबूस झाक दिसली तर घाबरू नका. फडक्याने पुसल्यावर पोपडे निघाले, नळी जागोजागी फुगलेली वाटली किंवा खड्डे लागले तर ती गेली. उघड्यावरचा सरळ तुकडा बघून निकाल देऊ नका. प्लॅस्टिकच्या क्लिपांच्या आत, पेट्रोल टाकीच्या वर आणि मागच्या ॲक्सलवरून वळते तिथे बघा, कारण चिखल तिथेच साचतो. दुरुस्तीनंतरची माझी खात्रीची परीक्षा अशी: गाडी उभी, इंजिन चालू, पेडल पूर्ण ताकदीने दाबून काही सेकंद धरायचं आणि दुसऱ्याने खाली बघायचं. फुटायची असेल तर अंगणात फुटू दे. पेडल हळूहळू खाली जातंय पण बाहेर कुठेच थेंब नाही, तर मास्टर सिलेंडरवर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणाऱ्या भागावर, संशय घ्यायचा.

हे फक्त तुमच्या गाडीचं दुखणं नाही. जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअप आणि एसयूव्हींच्या ब्रेक लाइनची अमेरिकी सरकारच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने मोठी चौकशी केली. २०१५ मध्ये ती रिकॉल न करता, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी परत न बोलावता, बंद झाली. निष्कर्ष असा की मिठाच्या राज्यांत जुन्या गाड्यांच्या पोलादी नळ्या वयानुसार जातातच, हा एकाच कंपनीचा दोष नाही, आणि त्या तपासून बदलणं मालकाचं काम. सांगाड्याच्या बाबतीत कंपन्यांना पैसे मोजावे लागले आहेत. टोयोटाने २०१६ मध्ये टॅकोमा, टुंड्रा आणि सिकोयाच्या गंजणाऱ्या फ्रेमसाठी सुमारे ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. फोर्डने २०१० मध्ये १९९८ ते २००३ च्या विंडस्टार परत बोलावल्या, कारण मागचा ॲक्सल गंजून तुटत होता. म्हणून कुठलीही जुनी गाडी घेताना तिचा व्हीआयएन नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) घालून रिकॉल शिल्लक आहे का, ते बघावं. फुकट असतं आणि दोन मिनिटांत होतं.

सबफ्रेम आणि बॉडीसाठी टोकदार हातोडी किंवा जाड स्क्रूड्रायव्हर लागतो. ठोकत जायचं. शाबूत लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं भद्द आवाज करतं, थेट नारळ पारखल्यासारखं. पोपडे पडले तरी खाली घट्ट धातू लागला तर वेळ आहे. टोक आत गेलं तर वेळ गेली. ठोकायच्या जागा म्हणजे सबफ्रेम बॉडीला बोल्टने लागते ते बिंदू, चाक धरून ठेवणाऱ्या कंट्रोल आर्मचे कान, स्प्रिंग बसते ती वाटी, बॉनेट उघडून दिसणारे स्ट्रट टॉवर, दाराखालचा उंबरा म्हणजे रॉकर पॅनल आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे लागतात तिथला पत्रा. चाकाच्या कमानीवरचे रंगाचे फोड दिसायला वाईट, पण गाडी त्यांच्या आधारावर उभी नसते. लोक नेमके त्यांवरच खर्च करतात, पुट्टी भरून रंग मारतात, आणि रॉकर बघतच नाहीत.

तुमच्या निर्णयाची मेख इथे आहे. सबफ्रेम बहुतेक सेदानमध्ये बोल्टने लागते, म्हणजे अख्खी बदलता येते. ॲरिझोना किंवा टेक्सासकडच्या भंगारातली, मीठ न पाहिलेली सबफ्रेम बऱ्यापैकी स्वस्तात मिळते. पण ती ज्या बॉडीला लागते तिथला पत्रा सडला असेल, तर नवी सबफ्रेम लावायची कशाला? म्हणून गॅरेजवाल्याला नुसतं ‘सबफ्रेम किती गंजली’ असं विचारू नका. ‘बॉडीचे माउंट आणि रॉकर शाबूत आहेत का, ठोकून दाखव’ असं म्हणा. ते शाबूत असतील आणि इंजिन-गिअरबॉक्स चांगले असतील, तर निम्म्या किमतीचा खर्चही मी करीन, कारण त्या पैशांत दुसरी जुनी गाडी घेतली तरी तिच्या खाली हेच निघण्याची शक्यता मोठी. माउंट गेले असतील तर ब्रेक लाइनवर एक डॉलरही घालू नका.

लाइन बदलायच्या ठरल्या तर एक फुटली म्हणून एकच बदलू नका. पोलादीऐवजी तांबं-निकेल मिश्रधातूची नळी मागा. ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल. मिठाने गंजत नाही आणि हाताने वळते. व्होल्व्हो सत्तरच्या दशकापासून ती वापरत आली आहे. शुद्ध तांब्याची मात्र नको, ती थकून तडकते. नळीचं तोंड कसं पसरवायचं ते गाडीवर ठरतं: काही ठिकाणी दुहेरी फ्लेअर, काही ठिकाणी बबल फ्लेअर, आणि दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मधला तुकडा जोडायचा तर फ्लेअर केलेल्या तोंडांचा युनियन चालतो. पाण्याच्या नळाला लावतात तसला कॉम्प्रेशन जोड कुणी लावताना दिसला तर त्याच्या हातातून गाडी काढून घ्या. मटेरियल स्वस्त आहे, पैसे मजुरीचे जातात, कारण गंजलेला नट सुटत नाही. साध्या पान्याने कोपरे गोल होतात, त्यासाठी फ्लेअर नटचा खास पाना असतो. आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग ऑइल मारायचं आणि सोडवण्याआधी नट किंचित आवळून गंजाची पकड मोडायची. तरी हलला नाही तर नळी कापून सहा कोनी सॉकेट चढवायचं, कारण जुनी नळी तशीही फेकायचीच आहे. गॅस टॉर्चची उष्णता रामबाण, पण पेट्रोलची टाकी आणि रबरी होज जवळ असताना ती घरी वापरू नये. ब्लीडर स्क्रू (ब्रेकमधली हवा काढायचे) आणि होजही सोडवताना मोडू शकतात. ते खर्चात आधीच धरायला सांगा, म्हणजे नंतर वाद होत नाहीत.

काम चालू असताना मास्टर सिलेंडर कोरडा पडू द्यायचा नाही. हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर बऱ्याच गाड्यांत स्कॅन टूलने त्याचा पंप चालवल्याशिवाय ती निघत नाही आणि पेडल मऊच राहतं. ते टूल त्यांच्याकडे आहे का, हे काम देण्याआधी विचारा.

तुम्ही लिहिलंय की एबीएसचा दिवाही अधूनमधून लागतो. तो बहुधा वेगळा विषय आहे. चाकाच्या हबवर जिथे स्पीड सेन्सर बसतो, तिथे गंज साचून सेन्सर वर उचलला जातो आणि सिग्नल अशक्त होतो. मग गाडी थांबता थांबता विनाकारण एबीएस थरथरतं. २००५ मध्ये जनरल मोटर्सने नेमक्या याच कारणासाठी मिठाच्या राज्यांतल्या १९९९ ते २००२ च्या गाड्या परत बोलावल्या होत्या. सेन्सर काढून खालची जागा चकचकीत घासली की कधीकधी नवा सेन्सरही लागत नाही. जोडीला अर्थिंग तपासा: स्टार्टर फिरत असताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांमध्ये मल्टिमीटरने ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलेला. वायरच्या इन्सुलेशनला टोचून तपासणाऱ्याला मात्र थांबवा. त्या भोकातून खारं पाणी शिरतं आणि आतलं तांबं हिरवं होऊन सडतं.

वेल्डिंगबद्दल थोडंच सांगतो, कारण तुमच्या गाडीला ते लागू नये अशी आशा आहे. रॉकर दुरुस्त करायचा तर चकाकतं लोखंड लागेपर्यंत कापायचा, आतला थर आधी, बाहेरचा नंतर, आणि काम चालू असताना दार नीट लागतंय का ते बघत राहायचं. सडलेल्यावर पत्रा ठोकणं, फोम भरणं, रिव्हेट मारणं हे सगळं पुढच्या गिऱ्हाइकाला फसवण्याचे धंदे. नव्या गाड्यांत काही भाग अतिबलवान पोलादाचे असतात, तापवले की त्यांची ताकद जाते, म्हणून कंपनीची दुरुस्ती-पुस्तिका बघितल्याशिवाय वेल्डिंग नाही. आणि वेल्डनंतर पोकळीत आतून कॅव्हिटी वॅक्स मारलंच पाहिजे. उष्णतेने मागच्या बाजूचं संरक्षण जळलेलं असतं आणि पुढचा गंज तिथूनच सुरू होतो.

दुरुस्तीनंतर दर शरद ऋतूत, पहिला बर्फ पडायच्या आत, खालून तेलकट किंवा लॅनोलिनचा (लोकरीतल्या मेणकट पदार्थाचा) फवारा मारून घ्या. तो सुकत नाही, सांध्यात झिरपतो, म्हणून रबरी कोटिंगपेक्षा चांगला. दिसायला घाणेरडा आणि काही दिवस वास येतो, त्याला इलाज नाही. दारांच्या आणि रॉकरच्या खालची पाणी निघायची भोकं मोकळी आहेत ना, ते बघायला सांगा. फवारणारेच कधीकधी ती बुजवतात. हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर गेलं की तळ धुवून घ्या, आणि बर्फ संपल्यावर वसंतात एकदा निवांत, भरपूर पाण्याने.

मिशिगनमध्ये दरवर्षीची सक्तीची सुरक्षा तपासणी नाही, त्यामुळे असल्या गाड्या सर्रास रस्त्यावर असतात आणि विकल्याही जातात. ऑन्टारियोत विकत घेतलेली जुनी गाडी स्वतःच्या नावावर करून रस्त्यावर आणायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं, म्हणून टोरोंटोकडच्या मंडळींनी ‘ॲज इज’ (आहे त्या स्थितीत) लिहिलेली स्वस्त गाडी घेण्याआधी ती लिफ्टवर घ्यावी.

आता तुम्ही एवढं करा: गॅरेजवाल्याकडून सबफ्रेमचे चारही माउंट, दोन्ही रॉकरच्या खालच्या कडा आणि टाकीच्या वरून जाणाऱ्या नळ्या यांचे फोटो मागा. हातोडीने ठोकून झाल्यावरचे, धुऊन-पुसून काढलेले नव्हे. ते बघितल्यावर हो की नाही ते स्पष्ट सांगता येईल. आणि अंदाजपत्रकात सबफ्रेम नवी धरली आहे की वापरलेली, तेवढं विचारून ठेवा, कारण त्या एका ओळीत बराच फरक पडतो.