शफल बंद करा, बाजू पलटा

या वेळच्या टपालात ब्रिटिश गायिका केट बुशच्या चाहत्यांनी गर्दी केली, तेव्हा सदर तिलाच देऊन टाकलं.

वेब सिरीज पाहिल्यापासून माझी लेक ‘रनिंग अप दॅट हिल’ दिवसभर लावते. आम्हा सगळ्यांना पाठ झालंय. या बाईचं पुढचं काय ऐकवू? (एक आई, नाशिक)

पुढचं राहू द्या, त्याच रेकॉर्डची दुसरी बाजू ऐकवा. १९८५ साली हे गाणं ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या कृपेने पहिलं आलं. छान झालं. पण ते ज्या ‘हाउंड्स ऑफ लव्ह’मधलं, तो अल्बम मुद्दाम दोन भागांत बांधलेला आहे. पहिल्या बाजूला पाच सुटी गाणी, त्यातली चार सिंगल म्हणूनही निघाली. दुसऱ्या बाजूला ‘द नाइन्थ वेव्ह’: सात गाणी, गोष्ट एकच, सुमारे २६ मिनिटं.

रात्रीच्या समुद्रात एक बाई लाइफ जॅकेटच्या आधाराने तरंगतेय. जवळ एवढासा दिवा. झोप अनावर झालीय आणि झोपली की संपलं. पियानोमागून जहाजांसाठीचं हवामानवृत्त ऐकू येतं, अगदी कोरड्या सरकारी आवाजात. मग बर्फाखाली अडकल्याचं स्वप्न. मग ‘उठ, उठ’ म्हणून हाका, एकेक वेगळ्या आवाजात, आणि बघता बघता त्या हाकांचा चेटकिणीवरचा खटला होतो. त्यानंतर ती मनाने घरी पोचते. माणसं वाट बघतायत, ही समोर आहे आणि तिचं बोलणं कुणाच्या कानावर जात नाही. आयरिश फिडलच्या दणक्यात तिचंच म्हातारपणीचं रूप येऊन बजावतं, मला जगू दे. (केटची आई आयर्लंडची, हे इथे कळतंच.) ‘हॅलो अर्थ’मध्ये तर सगळी वाद्यं थांबतात आणि जॉर्जियातल्या लोकगीताचा कोरस सुरू होतो. त्या वेळी मला कुणी हाक मारलेली खपत नाही. शेवटी पहाट होते. बाई वाचते, असं केटनेच सांगून ठेवलंय, त्यामुळे लेकीशी त्यावरून वाद घालू नका.

आता हे शफलवर लावलं तर काय उरेल? चौथा अंक आधी आणि पहिला शेवटी. लेकीला तेवढी एक अट घाला.

‘द ड्रीमिंग’ हा तिचा सर्वोत्तम अल्बम, असं मी म्हणतो. मित्र म्हणतो, नुसता आरडाओरडा. निवाडा द्या. (दोन मित्र, डोंबिवली)

आरडाओरडा आहेच. शेवटच्या गाण्यात ती चक्क गाढवासारखी ओरडते. १९८२चा हा अल्बम तिने पहिल्यांदाच एकटीने निर्माती म्हणून केला आणि मनात येईल ते करून पाहिलं. ‘हूडिनी’ या गाण्यासाठी आवाज खरखरीत हवा होता, म्हणून तिने दूध पिऊन आणि चॉकलेट खाऊन घसा बिघडवून घेतला. आपल्याकडे गाण्याआधी गार पाणीसुद्धा वर्ज्य! मुखपृष्ठ नीट बघा, तिच्या जिभेवर किल्ली आहे. साखळदंडात अडकलेल्या जादूगाराला बायको चुंबन देता देता ती पोचवणार, हा त्या गाण्याचा प्रसंग.

माझं मत तुमच्या बाजूने, पण मित्राने तो पहिल्यांदा ऐकायला घेतला असेल तर चूक तुमची. हा नंतर ऐकायचा अल्बम आहे. लंडनमधले महागडे स्टुडिओ भाड्याने घेऊन तो झाला, खपला मात्र बेताचा. मग तिने आईवडिलांच्या घरामागच्या कोठारात स्वतःचा ४८ ट्रॅकचा स्टुडिओ उभारला. घड्याळाचं भाडं संपलं, म्हणून ‘हाउंड्स’ इतका निवांत विणता आला.

‘द किक इनसाइड’ लावला. आवाज कानात टोचतो. माझ्यातच काही कमी आहे का? (एक वाचक, सांगली)

नाही. हा तिचा पहिला अल्बम, १९७८मध्ये ती १९ वर्षांची होती, आणि त्यातलं ‘वदरिंग हाइट्स’ गाते ती कॅथी, त्याच नावाच्या इंग्रजी कादंबरीची नायिका, मेलेली आहे. रात्री खिडकीशी येणारं भूत मंद्र सप्तकात कशाला गाईल? कंपनीला आधी दुसरंच गाणं काढायचं होतं, ही पोर हटून बसली. चार आठवडे पहिला क्रमांक, आणि स्वतः लिहिलेलं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेणारी ती पहिली स्त्री ठरली. पटत नसेल तर सरळ १९८५वर उडी मारा, तोवर आवाज खाली उतरलाय. १९९३चा ‘द रेड शूज’ तूर्तास वगळलात तरी चालेल.

वय ७१, भावगीतांवर वाढले. नातवाने हेडफोन आणून दिलेत आणि ही बाई ऐकच म्हणतो. मला झेपेल का? (एक आजी, रत्नागिरी)

झेपेल, आजी. २००५चा ‘एरियल’ मागा. मुलगा लहान होता, बारा वर्षं तिने अल्बमच काढला नव्हता. पहिल्या तबकडीत ‘मिसेस बार्टोलोझी’ आहे: फक्त पियानो आणि आवाज. चिखलाने बरबटलेली फरशी पुसून बाई वॉशिंग मशीनसमोर बसलीय, आत तिचा ब्लाऊज तिच्या माणसाच्या पँटला गुंडाळतोय, आणि बघता बघता ती समुद्रात पोचते. दुसरी तबकडी म्हणजे दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंतचा एक दिवस, पक्ष्यांच्या आवाजासकट. ती मात्र सलग ऐका, आणि नातवाला सांगा, शेवटचं गाणं चांगलंच दणदणीत आहे, त्याआधी आवाज थोडा कमी करून दे.