आजाराचं नाव नको, अडचण लिहा

कोविडच्या महासाथीच्या काळात, एखादा आजार सोबत घेऊन विद्यापीठात शिकणाऱ्यांची पत्रं बरीच आली. त्यांतली चार इथे घेतो.

प्रश्न : मला टाइप १ मधुमेह आहे. ऑनलाइन परीक्षेत तीन तास कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, फोनही जवळ ठेवायचा नाही. माझा ग्लुकोज सेन्सर मात्र आकडे फोनवरच दाखवतो. प्रमाणपत्र दिलं, तरी ‘नियम सगळ्यांना सारखे’ असं उत्तर आलं.

प्रमाणपत्रात काय लिहिलंय ते एकदा पाहा. बहुधा ‘टाइप १ मधुमेह, उपचार चालू’ एवढंच असेल. त्यावरून परीक्षा विभागातल्या माणसाला काय कळणार? त्याच्या ओळखीतले मधुमेही गोळी घेऊन कामावर जातात. डॉक्टरांकडून असं लिहून घ्या : ‘रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, विचार अडखळतो. तेव्हा लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटं थांबावं लागतं. म्हणून सेन्सरचा फोन टेबलावर हवा आणि थांबलेला वेळ शेवटी जोडून मिळावा.’ आजाराचं नाव वाचून सहानुभूती मिळते, पण सोय मिळते ती अशा नेमक्या मागणीमुळे.

परवानगी लेखी आणि परीक्षेआधीच हवी. पाळत ठेवणारं सॉफ्टवेअर खाली पाहणं, चौकटीबाहेर जाणं हे सगळं संशयास्पद म्हणून नोंदवू शकतं. नंतर खुलासे देत बसण्यात सत्र जातं. ‘नियम सारखे’ याचंही उत्तर आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव मानला आहे. मधुमेह त्या व्याख्येत बसतो का, हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. तेवढं तपासून अर्जात उल्लेख करा.

आणि परीक्षेपेक्षा महत्त्वाचं : संसर्ग झाला, खाणं जात नसलं, तरी इन्सुलिन बंद करू नका. साखर वारंवार पाहा, किटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासा.

प्रश्न : माझं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालंय. लस घेतली आहे. प्रात्यक्षिकांना हजेरी सक्तीची आहे. मैत्रिणी म्हणतात, लस घेतलीस ना, मग घाबरतेस कशाला?

मैत्रिणींचं गणित त्यांच्यापुरतं बरोबर आहे. प्रत्यारोपणानंतरची औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, त्यामुळे लशीला शरीराचा प्रतिसादही कमी मिळतो. म्हणूनच अनेक देशांनी अशा रुग्णांना जादा डोस दिला. पण म्हणून औषधं स्वतःच्या मनानं कमी करू नका; मूत्रपिंडच हातचं जाईल.

प्रात्यक्षिकातलं कोणतं काम हातानंच शिकायचं आहे आणि कोणतं घरून जमेल, हे शिक्षकांबरोबर बसून वेगळं काढा. जोडीदारानं नोंदी घ्याव्यात, विश्लेषण तुम्ही करावं, असं बऱ्याच प्रयोगांत चालतं. उरलेल्यांसाठी छोटी तुकडी मागा. हा विषाणू हवेतून पसरतो, त्यामुळे खोलीची हवा पाहा. कार्बन डायऑक्साइडचा मीटर विषाणू मोजत नाही, पण दुसऱ्यांनी सोडलेला श्वास खोलीत किती साठलाय ते सांगतो. बाहेर आकडा दशलक्षांत ४२० च्या आसपास असतो. खोलीत ८०० च्या खाली राहिला तर वायुवीजन चांगलं. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसलेला असावा, सैल असला तर कडेनंच हवा आत येते. गंमत म्हणजे, वायू खेचून घेणारी कपाटं चालू असलेली प्रयोगशाळा बंद वर्गापेक्षा बरी असू शकते. मला जास्त काळजी वाटते ती मधल्या सुट्टीची, कारण मास्क तेव्हा उतरतात.

प्रश्न : दम्याच्या इन्हेलरमध्ये स्टेरॉइड आहे. त्यानं प्रतिकारशक्ती कमी होईल म्हणून थांबवू का?

नको. धोका खरा अनियंत्रित दम्याचा आहे. ठरलेला डोस चालू ठेवा.

प्रश्न : संसर्गाला चार महिने झाले. दोन तास वाचलं की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. मार्गदर्शक म्हणतात, सवय कर, वाढवत ने. वर्ष सोडून देऊ का?

सुरुवातीला मीही काहींना ‘वाढवत न्या’ म्हणालो होतो. चुकलो. श्रमानंतर, कधी एक-दोन दिवसांनी, लक्षणं उसळत असतील तर रेटण्यानं माणूस आणखी खचतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये या अवस्थेची, म्हणजे कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासाची (‘लाँग कोविड’), व्याख्या केली; थकवा आणि विचारांचं धुकं दोन्ही तिच्यात आहेत. तुम्ही आळशी नाही. तरीही हृदय, फुप्फुसं, रक्त यांच्या तपासण्या करून घ्या, दुसरं कारण निसटायला नको.

दोन आठवडे नोंद ठेवा : किती वेळ वाचलं, किती बोललात, पुढचे दोन दिवस कसे गेले. झेपतं त्याच्या थोडं आतच थांबायचं, बरं वाटलं त्या दिवशीसुद्धा. हे सर्वांत कठीण. लेखीऐवजी तोंडी परीक्षा सोपी जाईल असं गृहीत धरू नका. काहींना बोलण्यानंच जास्त थकवा येतो.

वर्ष सोडण्याआधी विषय कमी करता येतात का ते विचारा. पण किमान किती क्रेडिट हवीत, हे शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि परदेशी असाल तर व्हिसा, अशा तिन्ही ठिकाणी पाहा. मंजूर खंड आणि नुसतं न येणं यांची गुणपत्रिकेवरची नोंद वेगळी पडते, म्हणून सही होईपर्यंत नाव काढू नका. आणि तो अर्ज मित्राला टाइप करायला सांगा.